रंगमंच आणि धम्मदीक्षा

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दीक्षा घेऊन एक-दोन वर्षे झालेल्या कुटुंबांतून नाटकाविषयी दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला आक्षेप असा की, नाच, गाणे, खेळ पाहणे हे धम्माने वर्ज्य केले आहे. मग विहाराच्या अंगणात नाटक कसे करावयाचे? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो बहुधा घरातील वडीलधारी माणसे घेतात. ढोलकी आणि तुणतुणे यांच्याशी आपला संबंध गावाने जोडून दिलेला होता. गावकीचे काम, मेलेली ढोरे आणि तमाशा हे सारे एकाच गाठोड्यात बांधून आपण टाकून दिले, ते गाठोडे आता पुन्हा का सोडावयाचे, असे ते विचारतात. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. म्हणून ते बाजूला न सारता त्यांना उत्तर देणे हेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

गृहस्थाने नित्य पाळावयाची शीले पाच आहेत, हे आपण रोज म्हणतो. नृत्य, गीत, वाद्य आणि खेळ यांपासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात येते आणि उपासक ते उपोसथाच्या दिवशी ग्रहण करतो. त्या दिवशी ते कसोशीने पाळावे. सिगालोवाद सुत्तात मेळ्या-तमाशांच्या मागे भटकणे हे संपत्तिनाशाच्या सहा कारणांपैकी एक म्हणून सांगितले आहे, हेही खरे. परंतु तेथे दोष दिला आहे तो कोठे नाच आहे, कोठे गाणे आहे, याच शोधात घरदार विसरणाऱ्या व्यसनाला. नाटकाविषयी तथागतांचे मत अधिक स्पष्ट रीतीने संयुत्त निकायातील तालपुट नटाच्या कथेत सापडते. लोकांना हसवणारा नट मेल्यावर हास्यदेवांच्या लोकी जातो, असे आपल्या परंपरेत सांगतात. भगवंतांचे काय मत आहे, असे तालपुटाने विचारले. भगवंतांनी दोनदा त्याला तो प्रश्न विचारू नकोस म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी सांगितले की, राग, द्वेष आणि मोह यांनी आधीच बांधल्या गेलेल्या लोकांसमोर जो नट तेच विकार वाढविणाऱ्या गोष्टी मांडतो, त्याची गती वाईट होते. तालपुट रडू लागला. तो गतीच्या भयाने रडत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नटांनी आपल्याला फसविले, याचे त्याला दुःख झाले होते. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत्पदाला पोचला, आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. या कथेत नाटकाची कसोटी सांगितली आहे. पाहून उठलेल्या माणसाच्या मनातील राग, द्वेष आणि मोह वाढला की कमी झाला, एवढेच पाहावयाचे.

ज्यांना नाटक आणि धम्म यांचे वाकडे आहे असे वाटते, त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. भारतातील जी सर्वांत जुनी नाटके आज उपलब्ध आहेत, त्यांत बौद्ध महाकवी अश्वघोषाचे ‘शारिपुत्रप्रकरण’ हे आहे. या नऊ अंकी नाटकाची ताडपत्रावरील त्रुटित पाने मध्य आशियात सापडली आणि जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी १९११ साली ती प्रसिद्ध केली. नाटकाचा विषय कोणता? सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांची दीक्षा! ब्राह्मण कुळातील सारिपुत्त बुद्धाला शरण जावयास निघतो, तेव्हा त्याचा विदूषक मित्र त्याला अडवून विचारतो की, ब्राह्मणाने क्षत्रियाचा उपदेश कसा घ्यावा? सारिपुत्त उत्तर देतो की, खालच्या जातीच्या वैद्याने दिले म्हणून औषध गुण देण्याचे थांबत नाही, आणि उन्हाने तापलेल्याला पाणीही जात विचारून गारवा देत नाही. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या रंगमंचावर जातीचा आणि धर्मांतराचा प्रश्न असा उभा होता.

यात नाट्यकलेचे एक मर्म आहे, आणि माझ्या सगळ्या बोलण्याचा भार मी त्यावरच ठेवणार आहे. प्रेक्षकाच्या मनातील आक्षेप अश्वघोषाने झाकून ठेवला नाही. त्याने तो एका पात्राच्या तोंडी घातला, मोठ्याने बोलावयास लावला आणि मग त्याला उत्तर दिले. व्याख्यानात वक्ता बोलतो व श्रोत्याची शंका श्रोत्याच्या पोटातच राहते. नाटकात ती शंका मंचावर चढते. ज्याला ती बाळगण्याची लाज वाटत होती, तो आपलीच शंका दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, हसतो, आणि हसता हसता तिच्यापासून सुटतो. समाज बदलण्याचे नाटकाचे सामर्थ्य मुख्यतः येथे आहे.

आधुनिक काळात या सामर्थ्याची ओळख आपल्याकडे प्रथम पटली ती जोतीराव फुले यांना. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक गर्भवती कुणबीण आणि तिचा नवरा. त्यांच्या दारी एक भिक्षुक जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि त्या भीतीपोटी नवरा कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतो. येथेही विदूषक आहेच. पण या खेपेस तो फसवणुकीचे पितळ उघडे पाडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. अखेरीस ते जोडपे जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या रात्रीच्या शाळेत शिकावयास निघते. जोतीरावांना अभिप्रेत असलेले तिसरे रत्न म्हणजे विद्येचा डोळा; आपल्या त्रिरत्नांशी या नावाची गल्लत करू नये, एवढे जाता जाता सांगतो. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले आणि कमिटीतील भटजींच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. ते छापून वाचकांच्या हाती पडावयास १९७९ साल उजाडावे लागले. एका नाटकाला सव्वाशे वर्षे दाराबाहेर उभे करण्यात आले! मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण कोणाच्या तोंडून तो ऐकतो, याचा विचार तुम्हीच करा.

जोतीरावांचे नाटक बाहेर राहिले, पण त्यामागील युक्ती बाहेर राहिली नाही. त्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायांनी पुढे गावोगाव जलसे उभे केले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला: गण, गवळण, वग, सोंगाड्याची बतावणी. मात्र साच्यात ओतावयाचा रस बदलला. गणात गणपतीच्या जागी गण म्हणजे लोक असा अर्थ लावला. गवळणीतला कृष्णाचा चावटपणा गेला आणि तेथे सवालजवाब सुरू झाले. खेड्यातील माणूस तमाशा म्हणून जमत असे आणि घरी जाताना भटजीवाचून लग्न लागते काय, याची चर्चा करीत जात असे.

हाच वारसा आंबेडकरी जलशाने उचलला, आणि येथे मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण ही आपल्या स्वतःच्या घरची गोष्ट आहे. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत मांस खाऊ नका, गावकीची हीन कामे सोडा, मुलांना शिकवा, असा उपदेश केला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्तमानपत्र वाचू शकणारा मनुष्य तेव्हा आपल्या वस्तीत शोधावा लागे. सभेला जावयाचे तर मजुरी बुडे.  अशा काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी जलसे उभे केले आणि पुढे ठिकठिकाणी अशी मंडळे निघाली. मुंबईच्या चाळींतून आणि खेड्यांतील वस्त्यांतून, गॅसबत्तीच्या उजेडात, ढोलकीच्या तालावर ही मंडळी रात्र रात्र उभी राहत. गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन असे. कर्डकांनी या कार्याची हकीकत ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात लिहून ठेवली आणि ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याच्या घरी चार पुस्तके आहेत, त्याच्याकडे हे पाचवे असावे.

त्या जलशांतून काय घडत असे, हे नीट समजून घ्या. मेलेले ढोर ओढू नका, हे वाक्य सभेत ऐकणाऱ्याच्या मनात लगेच शंका उठे: मग खावयाचे काय? गावाने बलुते बंद केले तर? पाटलाने वाट अडवली तर? या शंका भेकडपणाच्या नव्हत्या, त्या पोटाच्या होत्या. जलशात सोंगाड्या नेमका या शंका बोलून दाखवी. तो मूर्खासारखा बोले आणि लोक त्याला हसत. परंतु बोले ते मात्र प्रत्येकाच्या घरात आदल्या रात्री बोलले गेलेले असे. मग दुसरे पात्र त्याला उत्तर देई, गाण्यातून देई, आणि ते गाणे दुसऱ्या दिवशी जात्यावर व गिरणीच्या वाटेवर लोकांच्या तोंडी राही. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला पाठ झालेली चळवळ ती हीच.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. तमाशाची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांना का बोचते, ते मला ठाऊक आहे. तमाशात कला आपल्या समाजाची होती, गळा आपला होता, आणि नाचणाऱ्या स्त्रियाही बहुतकरून आपल्याच जातींतील होत्या. पैसा फेकणारा आणि रात्रीनंतर त्याच स्त्रीला हीन म्हणणारा मात्र दुसरा होता. त्या खेळात आपण दुसऱ्याच्या करमणुकीसाठी उभे होतो. जलशात आपण आपल्यासाठी उभे राहिलो. ढोलकी तीच, पण ती कोणासाठी वाजते यावरून तिचा अर्थ बदलला. तेव्हा गाठोडे टाकले ते योग्यच केले. पण त्यातील ढोलकी कर्डकांनी आधीच बाहेर काढून स्वच्छ केलेली आहे, हे आजी-आजोबांना समजावून सांगावे. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. तमाशातील बदनामीच्या धास्तीने जलशांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. ज्या धम्मात थेरींच्या गाथा आहेत, त्याच्या अनुयायांनी ही उणीव आजही चालू ठेवण्याचे काही कारण नाही. तुमची मुलगी नाटकात काम करू इच्छिते, तर तिला अडवू नका. कोणते नाटक, एवढे विचारा.

याच मातीतून अण्णाभाऊ साठे आले. वाटेगावच्या मातंग कुटुंबात १९२० साली जन्मलेल्या या लेखकाने अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. गणातील गणेशवंदन काढून त्यांनी तेथे मायभूमीला वंदन आणले, आणि तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. त्यांचा राजकीय पंथ वेगळा होता व त्यावरून आपल्या लोकांत वादही झाले. परंतु ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे विसरून चालणार नाही.

आणि मग ‘युगयात्रा’. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते केले. बाबासाहेबांनी ते पाहिले. १९५६ साली नागपूरच्या दीक्षासमारंभाच्या वेळी ते प्रचंड जनसमुदायापुढे झाले. पुराणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्याच्या वाट्याला युगायुगांतून जे आले, त्याची ही यात्रा. लेखक जन्माने आपल्यापैकी नव्हते, म्हणून काही जण आज हे नाव घेताना अडखळतात. मला ते पटत नाही. औषध कोणी दिले हे सारिपुत्ताने विचारले नव्हते. बाबासाहेबांनी उभारलेल्या महाविद्यालयात शिकणारी पहिल्या पिढीची मुले आपल्या पूर्वजांच्या यातना स्वतः उभी करून दाखवतात, आणि त्याच समारंभात प्रेक्षक बावीस प्रतिज्ञा घेतात, हा योग जगाच्या रंगभूमीच्या इतिहासात मला दुसरा दिसत नाही. नाटकाने धर्मांतर घडविले असे मी म्हणणार नाही. ते बाबासाहेबांनी घडविले आणि तुमच्या-आमच्या वाडवडिलांच्या निर्धाराने घडविले. पण आपण काय टाकून जात आहोत याचे चित्र एकदा डोळ्यांसमोरून सरकल्यावर उच्चारलेली प्रतिज्ञा अधिक खोल जाते, यात शंका नाही.

त्यानंतर दलित रंगभूमीने पुष्कळ काम केले. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ ची. दोन नट, आणि विषय पाण्याचा; चवदार तळ्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती आणि प्रश्न सुटला नव्हता. याच लेखकाने ‘किरवंत’ लिहिले. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांना इतर ब्राह्मण अस्पृश्याप्रमाणे वागवतात, त्या दुःखाचे ते नाटक आहे. ज्याच्या समाजाला ब्राह्मण्याने छळले, तो लेखक ब्राह्मणातील बहिष्कृताचे दुःख करुणेने मांडतो! तालपुटाची कसोटी येथे लावून पाहा. दत्ता भगत यांच्या ‘वाटा पळवाटा’मध्ये तर प्रश्न थेट आपल्याला आहे. बाबासाहेबांच्या काळातील काका, प्राध्यापक झालेला सतीश आणि पेटून उठलेला तरुण अर्जुन, या तीन पिढ्या एकमेकांना जाब विचारतात. सुशिक्षित झालेल्याने वस्तीशी कोणते नाते ठेवावे, हा त्यातील प्रश्न ज्यांच्या घरात पहिला पदवीधर झाला आहे, त्या प्रत्येकाला टोचणारा आहे.

महाराष्ट्राबाहेरही रंगमंच स्वस्थ बसलेला नाही, आणि त्याची किंमत अनेकांनी मोजली आहे. छत्तीसगडच्या ग्रामीण नटांनी १९३० च्या दशकात रचलेले ‘जमादारिन’ हे अस्पृश्यतेची टर उडविणारे प्रहसन हबीब तन्वीर यांच्या मंडळीने ‘पोंगा पंडित’ या नावाने केले; २००३ साली मध्य प्रदेशात त्याचे प्रयोग उधळण्याचे प्रकार झाले. दिल्लीजवळ झंडापूर येथे कामगारांपुढे ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असता १ जानेवारी १९८९ रोजी सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि सहकारी यांनी त्याच जागी जाऊन अपुरे राहिलेले नाटक पुरे केले. इंग्रज सरकारने १८७६ साली नाटकांच्या नियंत्रणाचा जो कायदा केला, त्याच्या आधाराने १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली होती. हा कायदा रद्द झाला तो थेट २०१८ च्या आरंभी. सत्ता नाटकाला भिते, याचा याहून चांगला पुरावा कोणता? आज भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने तुम्हाला अभिव्यक्तीचा हक्क दिलेला आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. तेवढे काम वेळेवर करावे, म्हणजे आयत्या वेळी कोणाला निमित्त मिळत नाही.

आता थोडे कटू बोलतो. चौदा एप्रिलला वस्तीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्यापुढे जलशाला जागा उरत नाही. जी नाटके होतात त्यांतील बरीचशी केवळ स्तुतीची असतात. बाबासाहेबांचा वेष केलेला तरुण मंचावर येतो, टाळ्या पडतात, पडदा पडतो. आदर समजू शकतो. परंतु अशा नाटकात शंका विचारणारे पात्र कोठे असते? सोंगाड्या कोठे गेला? ज्या नाटकात आक्षेपाला तोंड नाही, ते आधीच पटलेल्यांना पुन्हा पटवीत राहते. नवदीक्षित घरात मात्र शंका भरपूर आहेत. देव्हारा उतरवला, आता आजारपणात नवस कोणाला बोलावयाचा? मुलीचे लग्न बौद्ध पद्धतीने लावले तर सोयरे येतील काय? या शंका रात्री चुलीपाशी कुजबुजत बोलल्या जातात. त्या मंचावर आणा.

उदाहरणार्थ, शाळेचा अर्ज घ्या. बौद्ध म्हणून नोंद केलेल्या अनुसूचित जातींतील लोकांना केंद्र सरकारच्या सवलती मिळत नसत. १९९० च्या दुरुस्तीने त्या मिळू लागल्या. तरीही सवलत जाईल या भयाने धर्माच्या रकान्यात जुनेच नाव लिहिणारी घरे आजही आहेत. यावर तीन पात्रांचा प्रवेश सहज होईल. एक मेज, एक खुर्ची, शाळेचा कारकून, अर्ज भरणारा बाप आणि सोबत आलेली आत्या. सोंगाड्याचे काम आत्याकडे द्यावे. तिने हट्टाने, विनोदाने आणि मनापासून म्हणावे की, बाबा रे, बौद्ध व्हायचे ते घरात हो, कागदावर कशाला? तिचे म्हणणे दुबळे करू नका. वस्तीतील अर्ध्या लोकांचे ते म्हणणे आहे. बापाने उत्तर देताना १९९० ची दुरुस्ती तर सांगावीच, पण लेकराच्या दाखल्यावर त्याच्या वाडवडिलांनी घेतलेली दीक्षा दिसावी की नाही, हेही बहिणीला विचारावे. पंधरा मिनिटांत हा प्रवेश होतो, आणि त्याला पडदा किंवा रंगभूषा लागत नाही. अशोक विजयादशमीच्या आधीच्या रविवारी विहाराच्या अंगणात तो करावा. खेळ संपल्यावर मेज व खुर्ची हलवू नये. कायद्याची माहिती असलेला एखादा कार्यकर्ता तेथे बसवावा, आणि ज्यांचे दाखले व अर्ज अडले आहेत, त्यांनी कागद घेऊन रांगेने यावे.